दुभाष्या कोणत्या बाजूचा?

कॅनडातील इंग्रजी आणि फ्रेंच भाषकांचा विषय निघाला की ‘टू सॉलिट्यूड्स’ हे दोन शब्द आल्याशिवाय राहत नाहीत. ह्यू मॅक्लेनन यांच्या १९४५ सालच्या कादंबरीचे हे नाव. त्या वर्षीचा गव्हर्नर जनरल पुरस्कार तिला मिळाला. पुढे नाव कादंबरीतून सुटले आणि स्वतंत्रपणे हिंडू लागले. अग्रलेखांत, भाषणांत, समाजशास्त्राच्या ग्रंथांत त्याचा अर्थ ठरून गेला : एकाच घरात राहून एकमेकांशी न बोलणारे दोन समाज.

मॅक्लेनन यांनी मात्र हे शब्द घेतले रिल्केच्या एका पत्रातून, आणि तिथे विषय प्रेमाचा आहे. दुसऱ्याचे एकटेपण न मोडता त्याच्या जवळ राहणे, असा काहीसा तिथला आशय. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात, की लेखकाला जोडायचे होते आणि लोकांनी त्याचे शब्द तोडण्यासाठी वापरले. मला हे पटत नाही. लोकांनी कादंबरी बरोबर वाचली, असे माझे मत आहे. रिल्केचा आशय आरंभीच्या अवतरणात राहिला, कथानकाने तो पेलला नाही. हे तपासायला मी एकच साधा प्रश्न वापरतो : या गोष्टीत दुभाष्याचे काम कोण करतो, आणि त्याचे पुढे काय होते?

कादंबरी सुरू होते १९१७ साली, सेंट लॉरेन्स नदीकाठच्या सें-मार्क या फ्रेंच गावात. पहिल्या महायुद्धासाठी सक्तीची लष्करभरती लागू होत असतानाचा तो काळ. अतानास तालार हा गावचा जमीनदार आणि ओटावाच्या संसदेतला सभासद. त्याची दुसरी बायको आयरिश. गावच्या धबधब्यावर कारखाना उभारावा म्हणून तो माँट्रियलच्या मॅक्क्वीन या इंग्रज भांडवलदाराशी हात मिळवतो. गावचा पाद्री विरोधात जातो. तालार चर्च सोडतो, गाव त्याला सोडते, आणि गरज संपल्यावर मॅक्क्वीनही त्याला सोडतो. दोन्ही बाजूंना जोडणारा हा माणूस दिवाळखोर होऊन मरतो. थोरला मुलगा मारियूस कडवा फ्रेंच राष्ट्रवादी होतो. धाकटा पॉल इंग्रजी शाळेत शिकतो, हॉकी खेळतो, बोटीवर काम करतो, लेखक होतो, आणि हेदर मेथ्युएन या इंग्रज घरातल्या मुलीशी लग्न करतो. १९३९चे युद्ध जाहीर होते आणि तो सैन्यात जायला निघतो. इथे कादंबरी संपते.

पूर्वार्ध भक्कम आहे आणि उत्तरार्ध सैल, हे अनेकांनी म्हटले आहे. सैलपणाचे कारण मला दुभाष्याच्या प्रश्नात दिसते. बाप आणि धाकटा मुलगा, दोघेही फ्रेंच बाजूचे दुभाषे. एक संपतो, दुसरा पलीकडच्या काठावर स्थायिक होतो. इंग्रज बाजूने नदी ओलांडणारा ठळक माणूस एकच, कॅप्टन यार्डली. नोव्हा स्कोशियाहून येऊन तो सें-मार्कमध्ये शेत घेतो, आपल्या उच्चारात का होईना फ्रेंच बोलतो. कादंबरीतला सगळ्यात लोभस माणूस तोच. पण तोही शेवटी गाव सोडून परत जातो. म्हणजे लेखकाने ऐक्याचा जो पूल बांधला, त्यावरून येणारी-जाणारी माणसे मोजली तर वाहतूक जवळपास एकेरी आहे. मॅक्लेनन यांचा हेतू नितळ होता यात शंका नाही. परंतु ज्याला रोज पूल ओलांडावा लागतो आणि जो काठावर उभा राहून पुलाचे कौतुक करतो, त्या दोघांना पूल सारखाच सुंदर दिसणार नाही.

शेवटचे पान लिहिले गेले तेव्हा १९४२चे सार्वमत होऊन गेले होते. सक्तीची भरती करणार नाही, या वचनातून सरकारला मोकळे करावे काय, असा त्यात प्रश्न होता. देशाने बहुमताने होकार दिला, तर क्वेबेकने ७० टक्क्यांहून अधिक मतांनी नकार दिला. एका पॉलने सैन्यात जाण्याने हे भांडण मिटण्यासारखे नव्हते.

मराठी वाचकाला ‘द्वैभाषिक’ हा शब्द निव्वळ वर्णनाचा वाटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ते १ मे १९६० या काळातले मुंबईचे द्वैभाषिक राज्य त्याला आठवते. आपला प्रश्न भाषेचे राज्य मिळाल्यावर सुटला, असे आपण मानतो. म्हणून क्वेबेककडे पाहताना आपली पहिली अडचण ही होते, की त्यांना तर १८६७ पासून स्वतःचा प्रांत, विधिमंडळ आणि दिवाणी कायदा होता. मग फुटायचे कशासाठी?

उत्तर १९६३ साली नेमलेल्या द्विभाषिकता व द्विसंस्कृती आयोगाच्या कामातून मिळते. १९६१च्या जनगणनेवरून आयोगाने क्वेबेकमधल्या पुरुषांची सरासरी कमाई मूळ वंशानुसार मांडली. १४ गटांत फ्रेंच वंशाचे बारावे आले. त्यांच्या खाली फक्त इटालियन आणि आदिवासी. विधिमंडळात बहुसंख्य असलेला माणूस कारखान्यात मुकादमाची भाषा बोलत होता. प्रांत त्याचा होता, पगाराची भाषा त्याची नव्हती. १९६९च्या अधिकृत भाषा कायद्याने केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत दोन्ही भाषांचा हक्क मिळाला, ही मोठीच गोष्ट. तरीही तो खिडकीपलीकडच्या कारकुनाचा प्रश्न होता. तालार बुडाला तो कारखान्याच्या सौद्यात.

देश द्विभाषिक असणे आणि माणसे द्विभाषिक असणे, यांतले अंतर आजही मोजता येते. २०२१च्या जनगणनेत दोन्ही भाषा येणारे क्वेबेकमध्ये ४६.४ टक्के होते, क्वेबेकबाहेर ९.५ टक्के. कायदा दोन्ही भाषांना समान मानतो, दुभाष्याचे काम मात्र आजही मुख्यतः एका बाजूकडे आहे.

आता दुसऱ्या बाजूची कादंबरी. रॉक कारिए यांची ‘ला गेर, येस सर!’ १९६८ साली आली. नावातच अर्धे फ्रेंच, अर्धे इंग्रजी, आणि इंग्रजी शब्द हुकूम मानण्याचे. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या कोरिव्हो या जवानाची शवपेटी सात इंग्रज सैनिक बर्फातून त्याच्या गावी आणतात. गावकरी रात्रभर प्रेताजवळ प्रार्थना करतात, खातात, पितात, हसतात, भांडतात. सैनिक ताठ उभे राहून पाहतात. त्यांना यातले काही कळत नाही, आणि गावाला ते कळत नाहीत. मॅक्लेननच्या कादंबरीत समजणारे डोळे इंग्रजीत होते. इथे न समजणारे डोळे इंग्रज आहेत.

या कथेतला दुभाष्या म्हणजे बेरुबे. न्यू फाउंडलंडमधल्या गँडरच्या लष्करी तळावर संडास साफ करणारा हा गावचा पोरगा. त्याची इंग्रजी आली ती हुकमांतून, आणि नवी बायको मॉली तिकडचीच. जागरणात मारामारी पेटते तेव्हा सार्जंट त्याला हुकूम सोडतो आणि कवायतीच्या सवयीने बेरुबे आपल्याच गावकऱ्यांवर तुटून पडतो. नंतर तो धड सैनिकांचा राहत नाही, धड गावाचा. विभक्तवादाच्या मानसिकतेवर मी वाचलेल्या अनेक पानांपेक्षा हा एक प्रसंग मला अधिक सांगून गेला. बेरुबेला इंग्रजी येते, पण तिच्यात त्याला फक्त ‘हो’ म्हणता येते.

याच कादंबरीत भरती टाळण्यासाठी जोसेफ कुऱ्हाडीने स्वतःचा हात तोडतो, आणि गावची पोरे त्या गोठलेल्या हाताने हॉकी खेळतात. पुढे कारिए यांनी हॉकीवर एक बालकथा लिहिली, ‘द हॉकी स्वेटर’. तिच्या सुरुवातीजवळचा मजकूर २००२ साली चलनात आलेल्या पाच डॉलरच्या नोटेवर दोन्ही भाषांत छापला गेला. त्यात हिवाळा, शाळा, चर्च, बर्फाचे मैदान आहे. नोटेवर जे आले नाही ते कथेचे मर्म : ईटन कंपनीच्या कॅटलॉगचा फॉर्म इंग्रजीत, आईला इंग्रजी येत नाही, म्हणून ती साधे पत्र लिहिते. माँट्रियल संघाच्या लाल स्वेटरऐवजी टोरांटो संघाचा निळा स्वेटर येतो. परत पाठवला तर ईटनसाहेब रागावतील या भीतीने ती तोच मुलाच्या अंगात घालते. ऐक्याला चालणारा मजकूर राष्ट्राने निवडला आणि दुभाष्या नसलेल्या घराची गोष्ट वगळली. नोटेवर जागा कमी असते हे मान्य, पण निवड बोलते.

१९७७च्या फ्रेंच भाषा सनदेने हेच घर डोळ्यांपुढे ठेवले होते, असे मला वाटते. काम, व्यापार आणि स्थलांतरितांच्या मुलांचे शिक्षण फ्रेंचमध्ये यावे, यावर तिचा भर होता. हा कायदा विभक्तवादी पक्षाच्या सरकारने केला, आणि तीनच वर्षांनी, १९८०च्या सार्वमतात, सुमारे ६० टक्के लोकांनी त्याच पक्षाला नकार दिला. हे विसंगत वाटत असले तरी नाही. भाषेची भीती कमी झाली की फुटण्याची निकड कमी होते. नंतर १९८२ची घटनादुरुस्ती क्वेबेकच्या संमतीविना झाली, ती सांधण्याचा मीच लेकचा करार १९९० मध्ये कोसळला, आणि १९९५च्या सार्वमतात ऐक्याची बाजू फक्त ५०.५८ टक्क्यांवर तरली. भीतीची जागा अपमानाने घेतली होती.

मात्र दुभाष्याचा प्रश्न विभक्तवाद्यांनाही विचारला पाहिजे. १९९५च्या पराभवाच्या रात्री क्वेबेकचे मुख्यमंत्री जाक पारिझो यांनी पैसा आणि वांशिक गटांची मते यांच्यावर खापर फोडले. त्याच महिन्यात उत्तरेकडच्या क्री आदिवासींनी स्वतःचे मतदान घेऊन क्वेबेकसोबत कॅनडातून बाहेर पडायला ९६ टक्क्यांनी नकार दिला होता. मॅक्लेननच्या नकाशावर हे लोक नाहीत. कारिएच्या गावातही नाहीत. हैतीत जन्मलेल्या मिशेल जाँ २००५ साली गव्हर्नर जनरल झाल्या आणि दोन एकांतांचा काळ सरला असे त्यांनी जाहीर केले. दोनांचा काळ सरला, हे खरे. तिसऱ्या-चौथ्याला पहिल्या दोघांच्या भाषा शिकाव्या लागतात, हे तसेच आहे.

कारिए यांची कादंबरी मी शीला फिशमन यांच्या १९७०च्या इंग्रजी अनुवादातून वाचली. अनुवाद जिवंत आहे. चर्चमधल्या पवित्र वस्तूंच्या नावांवरून आलेल्या तिथल्या काही शिव्या त्यांनी फ्रेंचमध्येच ठेवल्या, हे शहाणपणाचे. पण एक गोष्ट कोणत्याही इंग्रजी अनुवादाला अशक्य होती. मूळ मजकुरात इंग्रजी शब्द बुटाच्या टाचेसारखा आपटतो, इंग्रजीत तो इंग्रजीतच विरून जातो. शिवाय इंग्रजीतून वाचणारा मराठी वाचक नकळत त्या सात सैनिकांच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

ही कादंबरी कुणी थेट फ्रेंचमधून मराठीत आणावी. गावाचे बोलणे मराठीच्या एखाद्या बोलीत यावे आणि ‘येस सर’ मात्र तसेच राहावे. ते ऐकायला आपल्या वाचकाला टीप लागणार नाही. बाप वरच्या साहेबाशी कोणत्या आवाजात बोलत होता, हे त्याला घरातूनच माहीत असते.