मोर : चिन्ह आणि प्रतीक

१९६३ मध्ये मोर भारताचा राष्ट्रीय पक्षी ठरला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय दिले. याच कायद्याच्या तरतुदींनी मात्र त्याच्या पिसाऱ्यातील पिसे व्यापारबंदीतून वगळली. या अपवादातून मोराची दोन अर्थरूपे समोरासमोर येतात. राष्ट्रीय चिन्ह म्हणून मोर एकार्थी आहे : तो राष्ट्राचा निर्देश करतो आणि तेथेच थांबतो. मराठी लोकपरंपरेत तो पिसाच्या रूपाने वावरतो. पहाटे दारोदार दान मागणाऱ्या वासुदेवाच्या टोपीतील पीस एकाच वेळी कृष्णाचे असते आणि भिक्षेकऱ्याचेही. देवत्व व याचना यांतील ताण ते मिटवीत नाही. त्या ताणातूनच त्याचा अर्थ संभवतो. एकनाथांनी भारुडात योजलेल्या वासुदेवाच्या रूपकाचे सामर्थ्यही येथेच आहे. मागणाराच तेथे जागविणारा ठरतो. म्हणजे प्रतीकाचा अर्थ वस्तूत नसतो, तिच्या विनियोगात असतो. वासुदेव दुर्मिळ होत असताना पक्षी सुरक्षित राहतो. प्रतीक मात्र निराधार होते. मोराला केवळ ‘सौंदर्याचे प्रतीक’ म्हणणाऱ्या समीक्षेला ही हानी जाणवतही नाही.