वाटव्यांच्या आवाजात खरंच दम नव्हता का?

दिवाळीत लातूरला घरी होते. मोबाइलवर गजानन वाटव्यांचं ‘गगनी उगवला सायंतारा’ लावलं, तर पप्पा म्हणाले, "गोड हाय, पण आवाजात दम न्हाई."

पप्पांचे कान गावच्या भजनी मंडळात तयार झालेत. तिथे माइक नसायचा, पखवाज-टाळांच्या वर आवाज काढावा लागायचा. त्यामुळे त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. पण नांदेडला लॅबमध्ये अशी तुलना केली असती, तर गाइडनी मला तिथेच थांबवलं असतं.

का ते सांगते. माझं काम आवाजाच्या रेकॉर्डिंगवर आहे. दोन आवाज शेजारी ठेवायचे तर पहिला प्रश्न असतो, ऐकणारा कान किंवा माइक किती लांब होता? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलनी उतरते. म्हणजे १५ सेंटिमीटरवरचा माइक आणि १५ मीटरवरचा श्रोता यांच्यात ४० डेसिबलचा फरक! तो भरून काढायला जोर लावला की आवाज नुसता मोठा होत नाही, त्याचा पोतच बदलतो. स्वर ताणले जातात, व्यंजनं मागे पडतात.

जुन्या नाटकमंडळ्यांतल्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत असंच पोचावं लागे. वाटवे (१९१७–२००९) मात्र लाउडस्पीकरच्या काळातले. पुण्याच्या गणेशोत्सवात, भर चौकात त्यांनी हजारो लोकांना कविता ऐकवल्या. अंतर कापायचं काम यंत्राकडे गेलं आणि गळा शब्दांसाठी मोकळा झाला. अमेरिकेत बिंग क्रॉस्बीनं थोडं आधी हेच केलं होतं. ‘सायंतारा’ ही कवी अनिलांची कविता. वाटवे ती जवळ बसून सांगितल्यासारखी गातात, ओळ कुठे मोडायची ते चाल नाही, अर्थ ठरवतो. माझ्या मते त्यांचा दम इथे आहे.

मग तक्रारच नाही का? आहे. त्यांची पाच गाणी सलग ऐका. तीच हुरहूर, तोच मऊपणा. राग किंवा चीड आली तरी गळा आपली जागा सोडत नाही. माइकनं दिलेली मोकळीक त्यांनी एकाच दिशेला वापरली, असं मला वाटतं.

पण हेही लक्षात ठेवा, आपल्या हातात आहेत त्या जेमतेम तीन मिनिटांच्या तबकड्या. चौकातली मैफल, लोकांच्या फर्माइशी, त्या दिवशीचा मूड यातलं काहीच त्यात नाही. एवढ्याशा नमुन्यावरून अख्ख्या कारकिर्दीचा निकाल लावताना मलाही जपूनच बोलायला हवं.

निघायच्या आदल्या रात्री पप्पांना हेडफोन लावून दिला. गाणं संपल्यावर म्हणाले, "शब्द मात्र एक बी सुटंना."

दमाचा मुद्दा त्यांनी अजून सोडलेला नाही.