खारीचं धाबं, पांढरीची भिंत

खाऱ्या हवेपासून घर कसं राखावं हे विचारायला लोक कोकणात जातात. वऱ्हाडात यायचं कोणाला सुचत नाही, कारण इथं समुद्र नाही. खार मात्र आहे, आणि भरपूर आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात जो खारपाण पट्टा पसरलाय, त्यात दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूरकडच्या कित्येक विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. दहीहांड्याच्या बाजूला तर एकेकाळी मिठाच्या विहिरी होत्या. त्यांच्या पाण्यापासून मीठ काढत, पुढे इंग्रजी अमलात ते बंद पडलं. आमचं नांदगाव खंडेश्वर या पट्ट्याच्या बाहेर, अमरावतीहून यवतमाळकडे जाताना लागतं. पण खाराशी घरानं कसं वागावं याची रीत दोन्हीकडे एकच, आणि ती बघायची तर धाब्याचं जुनं घर बघावं. वरून खाली बघावं, पाऊस उतरतो तसं.

आधी धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत. सागाच्या तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर किलचाणं, त्यावर पाल्याचा थर आणि वर माती. ही माती कोणतीही चालत नाही. काळी घातली तर उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या सरीला घर गळायला लागतं. वर हवी खारी माती. जिथं पीक धड येत नाही, गवतही चुकूनमाकून उगवतं, अशा जागेची माती शोधून आणायची आणि धाब्यावर पसरायची. उन्हाळा संपत आला की गावात एकच विचारणा असायची, ‘‘धाब्यावर खारी टाकली का बापा? मिरुग आला ना तोंडावर.’’

या एका थरात सगळी करामत आहे. खाऱ्या मातीत सोडियम जास्त असतो. पाणी लागलं की त्या सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, सुटे होतात, फुगतात आणि मधल्या बारीक वाटा बुजवून टाकतात. वरचं बोटभर चिखल होतं आणि खालचं कोरडं राहतं. हाच गुण दर्यापूरच्या शेतकऱ्याला रडवतो. पाऊस पडतो, पाणी शेतात उभं राहतं, मुरत नाही. पिकाच्या मुळ्या गुदमरतात. जमिनीचा जो दोष शेतात माणसाला कर्जात घालतो, तोच त्याच्या डोक्यावर चढवला की घर राखतो. हा शोध कोणाचा ते कुठं लिहिलेलं नाही. ज्यानं तो लावला त्यानं आधी आपलंच शेत पाण्याखाली उभं राहिलेलं पाहिलं असणार, आणि शिव्या देता देता त्याच्या डोक्यात हे आलं असणार. मला यातली खोड्याळ अक्कल फार आवडते.

धाब्याचा उतार बघा. दिसत नाही इतका असतो, पण असतो, आणि पनाळाकडेच असतो. पनाळ भिंतीच्या बाहेर चांगलं हातभर काढलेलं. त्यातून पडणारी धार भिंतीला न लागता अंगणात पडते. नवीन बांधणीत स्लॅबचा पाइप भिंतीला चिकटवून खाली आणतात, सांधा सुटतो आणि दोन पावसाळ्यांत भिंतीवर हिरवा पट्टा उमटतो. पनाळात चूक झालीच तर ती धार पडताना सगळ्या गल्लीला दिसते. पाइपातली चूक भिंतीच्या पोटात शिरून बसते.

भिंत पांढरीची. गावठाणाच्या जुन्या जागेची ही माती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडक्या भिंती, चुलीची राख, शेण असं सगळं तिच्यात मुरलेलं. काळीसारखी ती फुगत-आकसत नाही. भिंतीची जाडी दोन हातांच्या आसपास. झडीच्या अंगाला, म्हणजे जिकडून पाऊस तिरपा येतो त्या बाजूला, तुराट्यांचा तट्टा उभा करायचा. कोकणात त्याच कामाला माडाचे झाप बांधतात. रत्नागिरीला वर्षाचा पाऊस ३,००० मिलिमीटरच्या वर, आमच्याकडे ८००-९००. तट्टा आणि झाप यांतला फरक एवढाच. भिंतीपुढे एक स्वस्त, फेकायचं अंग उभं करायचं आणि पावसाला ते खाऊ द्यायचं, ही युक्ती दोन्हीकडे सारखी.

आता खाली या, कारण खरा मार तिथं असतो. पाऊस वरून येतो, खार खालून चढतो. जमिनीतली ओल भिंतीच्या बारीक छिद्रांतून वर येते, सोबत विरघळलेलं मीठ आणते. पृष्ठभागाशी पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं आणि छिद्रातच त्याचे स्फटिक वाढायला लागतात. हाच लोणा. हात-दीड हात उंचीवर आधी पांढरी पिठी दिसते, मग पापुद्रा सुटतो, मग बोट लावलं की भिंत भुरभुर गळते. म्हणून ऐपत असलेल्याचं जोतं काळ्या दगडाचं. घट्ट बसाल्टातून ओल सहजी वर चढत नाही. ज्याला दगड परवडत नव्हता, त्याच्या घरी बाईचा हात हेच जोतं. दर सणाला पोतारलेली, शेणामातीनं सारवलेली ती खालची पट्टी म्हणजे मिठाला दिलेला घास. लोणा त्या पातळ थरात येऊन बसायचा, खरडला जायचा, वर नवा थर चढायचा. आत भिंत शाबूत. त्या पट्टीवर गेरूची रेघ ओढलेली असायची. कोण्या संग्रहालयाला ती कलाकुसर वाटेल, पण लोणा कुठवर चढला ते त्या रेघेवरून कळायचं.

पुढं लोकांना सारवण्याचा कंटाळा आला आणि मिस्त्रीनं खाली तीन फूट सिमेंटची छपाई करून दिली. दिसायला झकास. पण ओल चढायची थांबली नाही. तिला बाहेर पडायला वाट राहिली नाही म्हणून ती छपाईच्या वर निघाली, आणि जिथं कधी लोणा पोचला नव्हता तिथं पोचला. तीन-चार वर्षांनी छपाईची सबंध फळी मातीसकट उतरली. खारपाणात तर काँक्रीट कालवायलाही विहिरीचं पाणी धोक्याचं. लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराईड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर असू नये असं भारतीय मानक ४५६ सांगतं. ते ओलांडलं की सळई आतून गंजते, गंज मूळ लोखंडाहून जास्त जागा मागतो आणि स्लॅब पोटातून फुटतो. मुंबईच्या समुद्रकाठच्या इमारतींना जे होतं, तेच.

समुद्राचाच खार सोसणाऱ्या, मुरुडसमोरच्या पद्मदुर्ग किल्ल्याचा तट पाहणारा हरखतो तो एका गोष्टीनं. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्यानं दगड झिजून आत गेलेत, आणि मधला चुना मात्र कंगोऱ्यांसारखा पुढे उभा आहे. शिवाजी महाराजांच्या काळच्या त्या चुन्याचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण माझ्या रसिकतेला तिथं थोडी ठेच लागते. दरज टिकली आणि दगड गेला, हे बांधकामाचं यश म्हणावं का? आमच्या पोताऱ्यात उलट हिशेब होता. वरचं जाऊ दे, आतलं राहू दे. तट सारवायला अर्थात कोणी जाणार नव्हतं, हेही खरं.

नांदगावचं खंडेश्वराचं यादवकालीन देऊळ या वादात पडतच नाही. हेमाडपंती पद्धतीचा काळा दगड, चुना नाही, दरजेत भरलेलं काही नाही. दगड दगडावर स्वतःच्या वजनानं बसलेला. रंग नसल्यानं रंगाचे पोपडे नाहीत. देवाला हे परवडतं.

धाब्याच्या घराला परवडत नाही, आणि त्याची खोटही सांगायला हवी. वर्षानुवर्षं खारी चढवत गेलं की धाब्याचं वजन वाढतं. जुनी माती खरवडून काढायचा आळस केला, तुळईच्या टोकाला वाळवी लागली आणि त्यात आठवड्याची झड आली, तर ते छत माणसांवर बसतं. अशी घरं बसलीत. शिवाय धाब्यावर उंदरानं बीळ केलं तर गळती नेमकी कुठली ते सापडत नाही, आणि भर पावसात घमेलं घेऊन वर चढायचं काम घरातल्या धाकट्या पोरावर येतं. आता तो पोरगा पुण्याला असतो.