‘सिसप्लॅटिनपेक्षा दसपट प्रभावी’ म्हणजे नक्की काय?

प्लॅटिनमच्या नव्या संयुगांवरचे शोधनिबंध चाळलेत तर एक दावा तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल: आमचं संयुग सिसप्लॅटिनपेक्षा दसपट प्रभावी आहे. वाचून बरं वाटतं. पण लगेच विश्वास ठेवू नका.

दसपट कशात? बहुतेकदा आयसी-५० या आकड्यात. डिशमध्ये वाढवलेल्या कॅन्सरपेशींची वाढ निम्म्यावर आणायला औषधाची जी तीव्रता लागते, तो हा आकडा. जितका कमी, तितकं औषध जहाल. आता गंमत बघा. कार्बोप्लॅटिन या कसोटीवर सिसप्लॅटिनच्या बरंच मागे पडतं. तरी अमेरिकेत १९८९ साली त्याला मान्यता मिळाली आणि आजही ते सर्रास दिलं जातं, कारण त्याचा मूत्रपिंडांना त्रास कमी होतो. नुसता आयसी-५० बघितला असता तर ते प्रयोगशाळेतच बाद झालं असतं.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. नवी संयुगं बऱ्याचदा पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून डीएमएसओ वापरतात. मग तुलनेसाठी सिसप्लॅटिनही त्यातच विरघळवलं जातं. पण डीएमएसओमधलं गंधक प्लॅटिनमला चिकटतं आणि क्लोराइडला हुसकावतं. रेणूच बदलतो, त्याची मारकशक्ती घटते. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे पाय बांधून शर्यत जिंकायची! २०१४ मध्ये ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात याबद्दल स्पष्ट इशारा छापून आला होता. उपाय साधा आहे: सिसप्लॅटिन सलाइनमध्ये विरघळवा. त्यातल्या भरपूर क्लोराइडमुळे रेणू टिकतो.

मग नवी संयुगं बनवायचीच नाहीत का? तसं मुळीच नाही. आतड्याच्या कॅन्सरवर सिसप्लॅटिन फारसं चालत नाही, तिथे ऑक्सॅलिप्लॅटिन उपयोगी पडलं. उलट गोळीच्या रूपात देता येणारं सॅट्राप्लॅटिन प्रोस्टेट कॅन्सरच्या मोठ्या चाचणीत रुग्णांचं आयुष्य वाढवू शकलं नाही. डिश आणि माणूस यांच्यात एवढं अंतर असतं.

म्हणून पुढच्या वेळी ‘दसपट’ वाचलंत की तीन गोष्टी शोधा. सिसप्लॅटिन कशात विरघळवलं होतं? निरोगी पेशींवर काय परिणाम झाला? आणि सिसप्लॅटिनला दाद न देणाऱ्या पेशींवर हे संयुग चाललं का? उत्तरं सापडली नाहीत, तर घरातल्या पेशंटला ‘नवं औषध आलंय’ असं सांगायची घाई करू नका.