रणगाडा फुकट, तरी गिऱ्हाईक मोटारीकडेच

संगणकाच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो : "सर, विंडोज चांगली, मॅक चांगली की लिनक्स?" अमेरिकन कादंबरीकार नील स्टीफन्सन यांनी १९९९ मध्ये याच प्रश्नावर 'इन द बिगिनिंग वॉज द कमांड लाइन' हा दीर्घ निबंध लिहिला. शिक्षकांनी तो वाचावा, पण तपासून वाचावा, असे आम्हाला वाटते.

निबंधातली उपमा गमतीची आहे. विंडोज म्हणजे साधी घरगुती मोटार. मॅक म्हणजे देखणी, पण आतली यंत्रणा कुलूपबंद असलेली मोटार. लिनक्स म्हणजे स्वयंसेवकांनी बांधलेला, फुकट मिळणारा मजबूत रणगाडा. तरीही बहुतेक गिऱ्हाईक घरगुती मोटारच घेते.

मग प्रोग्रॅमर रणगाडा का घेतात? चित्रांवर टिचकी मारताना संगणक आत काय करतो ते झाकलेले राहते. लिहिलेल्या आज्ञेत ते उघड असते, असे लेखक म्हणतो. समजा, चाळीस फायलींपैकी कोणत्या फायलींत 'गैरहजर' हा शब्द आहे ते शोधायचे आहे. 'ग्रेप' ही एक आज्ञा टंकली की यादी समोर येते आणि तीच पुढच्या आज्ञेला पुरवता येते. डेबियन या लिनक्स-प्रकारात दोषांची नोंदवही सर्वांना खुली असते, याचेही लेखक कौतुक करतो. दोष न लपवणे ही विज्ञानाचीच रीत आहे. निबंधाचा हा भाग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो.

उपमा मात्र एका ठिकाणी फसते. कोणतीही मोटार त्याच रस्त्यावर धावते. पण एका कार्यप्रणालीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम सहसा दुसरीवर तसाच चालत नाही. वापरणारे असतात तिथे प्रोग्रॅमर जातात आणि प्रोग्रॅम असतात तिथे वापरणारे. आयफोनसाठी प्रोग्रॅम लिहिण्याचे ॲपलचे साधन, एक्सकोड, फक्त मॅकवर चालते. तिथे आवडीनिवडीला फारसा वाव नाही. लेखक निवडीला स्वभावाचा प्रश्न मानतो. ती बरीचशी कामाने ठरते.

शब्द की चित्र, हे भांडणही पुढे मिटत गेले. २००१ मध्ये आलेल्या मॅक ओएस टेनच्या पोटात युनिक्सच होते. २००४ मध्ये स्टीफन्सन यांनी स्वतःच निबंध कालबाह्य झाल्याचे आणि आपण मॅक वापरत असल्याचे सांगितले. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्येच लिनक्सच्या आज्ञा चालवण्याची सोय केली.

तेव्हा वर्गात उत्तर देताना एकच नाव सांगू नये. काम कोणते, ते कोणासाठी, आणि बिघाड झाल्यास आत डोकावता येईल का, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावेत. केवळ मेनूंची नावे पाठ करून घेतली, तर पुढची आवृत्ती येताच ते पाठांतर वाया जाते.