रहस्यकथेतील पोलीस तपास : वास्तवाची एक कसोटी
(पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या अनुषंगाने)

मराठी रहस्यकथेची परंपरा लहान नाही. गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांची रूपांतरे केली, भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला, आणि या दोहोंच्या मधल्या काळात बाबुराव अर्नाळकरांनी हजारांवर कादंबऱ्या लिहून एक स्वतंत्र वाचकवर्ग घडविला. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे नाव बाजूस सारून ज्या गावाचे नाव त्यांनी लेखनासाठी घेतले, ते अर्नाळा आज पालघर जिल्ह्यात आहे, हा योग मनोरंजक आहे. परंतु झुंजार काय किंवा काळापहाड काय, हे नायक पोलीस यंत्रणेच्या बाहेर राहून पराक्रम करणारे आहेत. पुढे सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास आला; तोही वकील. तात्पर्य, मराठी रहस्यकथेत बुद्धी असते ती बाहेरच्या माणसाजवळ. फौजदार उशिरा येतो आणि बेड्या ठोकून निघून जातो.

१९४५ नंतरच्या काळात अमेरिकन कादंबरीने ही व्यवस्था उलटी केली. एड मॅकबेनने १९५६ पासून लिहिलेल्या पोलीस ठाण्याच्या कादंबऱ्यांत नायक एक व्यक्ती नसून संपूर्ण ठाणे आहे. मराठीतही अलीकडे पोलीस अधिकारी नायक होऊ लागला आहे. त्यामुळे एक प्रश्न टाळता येत नाही : कथेतील तपास खरा वाटावा म्हणजे नेमके काय व्हावे? गणवेश, हुद्दे, बंदुकीचे प्रकार यांची अचूक नोंद म्हणजे वास्तवता, असा समज रूढ आहे. तो अपुरा आहे.

कबुलीजबाबाचा प्रश्न

रहस्यकथेचा शेवट बहुधा कबुलीने होतो. सर्व पात्रे एका खोलीत जमतात, अधिकारी एकेक धागा उलगडतो, आणि गुन्हेगार मान खाली घालून बोलू लागतो. इंग्रजी कथेत हा शेवट चालून जातो. भारतीय कायद्यात मात्र पोलीस अधिकाऱ्यापाशी दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम २५ हेच सांगत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम २३ हेच सांगते. अर्थात ज्या क्षणी मराठी कादंबरी संपते, त्या क्षणी वास्तवातील खटला जवळजवळ रिकाम्या हाताने उभा असतो.

या नियमाला एक अपवाद आहे. आरोपीने कोठडीत दिलेल्या माहितीमुळे एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी स्पष्टपणे निगडित असेल तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. या अपवादाची मर्यादा प्रिव्ही कौन्सिलने १९४६ मध्ये पुलुकुरी कोट्टया खटल्यात आखून दिली. ‘मी कोयता विहिरीजवळ पुरला आहे’ हे वाक्य पुराव्यात येईल. ‘त्याच कोयत्याने मी त्याला मारले’ हे येणार नाही. एकाच श्वासात उच्चारलेल्या दोन वाक्यांपैकी एक जगते आणि दुसरे मरते. कथाकाराला याहून नाट्यमय सामग्री कोणती हवी? तरीही मराठी लेखक तिच्याकडे सहसा वळत नाही.

रूळावरील प्रेत : एक कल्पित उदाहरण

हा मुद्दा एखाद्या विशिष्ट भूमीवर पारखून पाहणे योग्य होईल. पालघर आणि बोईसर यांच्या दरम्यान उमरोळी हे स्थानक आहे. तेथे पहाटे रूळालगत एका तरुणाचे प्रेत आढळते, अशी कल्पना करावी. तो तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील रसायनाच्या कारखान्यात कंत्राटदारामार्फत काम करीत होता.

पहिली खबर कोणी खाजगी हेर देणार नाही. ती रेल्वेच्या कर्मचाऱ्याकडून जाईल. हद्द लोहमार्ग पोलिसांची, म्हणून प्रथम अकस्मात मृत्यूची नोंद होईल. पंचांसमक्ष इन्क्वेस्ट पंचनामा होईल आणि प्रेत शवविच्छेदनास जाईल. जखमा मृत्यूपूर्वीच्या की नंतरच्या, हा वैद्यकीय प्रश्न येथे कथेचे दार उघडतो. गाडीखाली येण्यापूर्वीच मनुष्य मेलेला होता असे दिसले, तर अपघात खुनात बदलतो. खून बोईसरच्या एखाद्या भाड्याच्या खोलीत झाला असे निघाले, तर कागद जिल्हा पोलिसांकडे जातात. व्हिसेरा मुंबईत कलिना येथील न्यायसहायक प्रयोगशाळेकडे गेला, तर अहवालाची वाट पाहावी लागते. ही वाट पाहणे हाच तपासाचा खरा काळ आहे. कथेत मात्र अहवाल दुसऱ्याच प्रकरणात हजर असतो.

स्थळाचे अज्ञानही येथेच उघडे पडते. ‘तारापूर’ हे नाव तीन ठिकाणांना लावले जाते : समुद्रकाठचे किल्ल्याचे गाव, १९६९ साली वीजनिर्मिती सुरू झालेले अणुवीज केंद्र, आणि बोईसरला लागून असलेली औद्योगिक वसाहत. अणुवीज केंद्राच्या फाटकातून फौजदार सहज आत शिरतो असे लिहिणारा लेखक त्या परिसरात कधी गेला नसावा, असे वाचक ओळखतो. उलट कारखान्याच्या हजेरीपटावर मृताचे नाव कंत्राटदाराच्या यादीत आहे, कारखान्याच्या यादीत नाही. या एका तपशिलातून त्या समाजाची रचना बोलू लागते. मृत्यू कारखान्यात घडला असता तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची चौकशीही सुरू झाली असती. जेथे अपघात ही नित्याची शक्यता आहे, तेथे खुन्याला दुसरा बुरखा लागत नाही. त्या भूमीचे रहस्य यातच आहे.

या संदर्भात १९३७ च्या एका सत्य घटनेचे स्मरण होते. पुरी स्थानकावर गाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात एक पेटी सापडली. तिच्यात मनुष्यदेहाचे तुकडे होते. पाकला नारायण स्वामी या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९३९ मध्ये आरोपीचे पोलिसांपुढील निवेदन वगळले, तरीही शिक्षा कायम राहिली. कारण पेटी कोठे विकली गेली आणि ती स्थानकावर कोणत्या टांग्यातून आली, हे सामान्य माणसांच्या साक्षींतून उभे राहिले होते. बोईसरमध्ये टांग्याच्या जागी रिक्षा येईल, एवढाच फरक.

पंच आणि साखळी

मराठी रहस्यकथेने सर्वांत उपेक्षिलेले पात्र म्हणजे पंच. स्थानकाबाहेरचा चहावाला, पानवाला, वाटेने जाणारा शिक्षक यांना हाक मारून बोलावले जाते, त्यांच्या सह्या घेतल्या जातात, आणि काही वर्षांनी न्यायालयात त्यांना विचारले जाते : तुम्ही खरोखर काय पाहिले? कोणी भीतीने, कोणी विसरून, तर कोणी पैशाने फितूर होतो. मुद्देमालाचे मोहोरबंद पाकीट ठाण्यातून प्रयोगशाळेपर्यंत कोणाच्या हातून गेले, यावर एखाद्याचे आयुष्य अवलंबून असते. आता झडती व जप्तीचे चित्रीकरण नव्या नागरिक सुरक्षा संहितेने आवश्यक केले आहे. त्यामुळे पंच कथेतून नाहीसा होत नाही. त्याच्या स्मृतीसमोर एक दुसरा साक्षीदार उभा राहतो, इतकेच.

परिस्थितीजन्य पुराव्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पुण्यातील शरद सारडा खटल्यात पाच तत्त्वे सांगितली. अपराधाकडे नेणारी प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध व्हावी. ती केवळ अपराधाच्याच कल्पनेशी सुसंगत असावी. तिचे स्वरूप निर्णायक असावे. दुसरी प्रत्येक शक्यता तिने वगळावी. आणि साखळी इतकी अखंड असावी की निर्दोषतेला वाजवी जागाच उरू नये. आरोपी त्या खटल्यात सुटला. रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथाकारासाठी दहा आज्ञा सांगितल्या, त्या वाचकाशी प्रामाणिक राहण्याच्या होत्या. सारडा खटल्यातील ही पंचसूत्री अधिक कठोर आहे, कारण ती आरोपीशी प्रामाणिक राहण्यास सांगते. रहस्यकथेचे काव्यशास्त्र म्हणून ती वाचली, तर कित्येक नामांकित कादंबऱ्यांतील उकल चौथ्या तत्त्वापाशीच कोसळेल.

कसोटीचे महत्त्व

यावर असा आक्षेप येईल की रहस्यकथा ही करमणूक आहे. तिला न्यायालयाची कलमे कशाला? आक्षेप अगदीच निराधार नाही. कलमांची यादी म्हणजे कथा नव्हे, आणि केस डायरी जशीच्या तशी उतरविल्याने कोणी कलावंत होत नाही. नव्वद दिवसांच्या तपासातील ऐंशी दिवस लेखकाने गाळणे हेच उचित.

परंतु काय गाळले जाते, याला अर्थ असतो. पालघरसारख्या जिल्ह्यात संशयाची सुई प्रथम कोणाकडे वळते? वारली पाड्यावरचा तरुण, परप्रांतातून आलेला कामगार, ज्याला जामीन द्यायला कोणी नाही असा मनुष्य. कथेतील अधिकारी त्याला दोन थपडा मारतो, तो खरे बोलतो, आणि वाचक समाधानाने पान उलटतो. त्या थपडेबरोबर वाचकाच्या मनातही काही रुजते : मार दिला की सत्य बाहेर येते. वास्तविक माराने बाहेर येते ते मार थांबविणारे वाक्य. अटकेतील व्यक्तीस चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याचा नियम घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदात आला आणि डी. के. बसू खटल्यात अटकेचे दंडक घालून दिले गेले, ते याच अनुभवातून.

१९६८ मध्ये मुंबईत रामन राघव पकडला गेला. त्याच्या तपासाची जी हकीकत प्रसिद्ध आहे, तीत तो प्रथम मूक राहिला आणि आवडीचे जेवण मिळाल्यावर बोलू लागला. पुढे त्याला फाशीची शिक्षा झाली, आणि मानसिक आजाराच्या कारणाने १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. म्हणजे ज्या प्रकरणात खुनी कोण याविषयी शंका नव्हती, तेथेही ‘हा मनुष्य कोण’ हा प्रश्न जवळजवळ दोन दशके पुरला. रहस्यकथेने उकलीनंतरचा हा प्रश्न आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे.

तेव्हा वास्तव तपासाचा आग्रह हा केवळ तांत्रिक अचूकतेचा आग्रह नाही. उमरोळीच्या रूळावर सापडलेल्या त्या कल्पित कामगाराला न्याय मिळावा आणि त्याच्यासाठी दुसऱ्या निरपराध कामगाराचा बळी जाऊ नये, या दोन्ही मागण्या जी कथा एकाच वेळी सांभाळील, तिच्यातील रहस्य आपोआप गहिरे होईल. मराठी फौजदाराला दारातून आत येऊन खुर्चीवर बसण्याइतका वेळ कादंबरीकाराने द्यावा. त्याच्या टेबलावरचे कागदच पुढची कथा सांगतील.