व्यंग आणि व्यंग्य : पीटर व्हान स्ट्राटेनची चित्रसृष्टी

वृत्तपत्रातील व्यंगचित्राला वाङ्मयविचारात स्थान असावे की नसावे, हा प्रश्न समीक्षेने बहुधा टाळलेला आहे. टाळण्याचे कारण उघड आहे. हे चित्र वृत्तपत्राबरोबर घरात येते आणि वृत्तपत्राबरोबरच रद्दीत जाते. त्याचा विषय एखाद्या घटनेशी जखडलेला असतो. घटना विस्मरणात गेली की चित्राचा अर्थही मावळतो. शिवाय त्याची सिद्धी रेषेतून होते आणि शब्द तेथे केवळ खुलाशापुरता येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. डच व्यंगचित्रकार पीटर व्हान स्ट्राटेन (१९३५-२०१६) याची कारकीर्द या दोन्ही समजुतींना बाध आणणारी आहे. पाच दशकांहून अधिक काळ नियतकालिकांच्या चाकोरीतच वावरलेल्या या चित्रकाराने आपल्या कलेला हळूहळू घटनेपासून सोडविले आणि बोललेल्या वाक्याशी बांधले. या स्थित्यंतरामुळे त्याच्या विनोदाची जातच कशी पालटली, हे पाहणे वाङ्मयाच्या अभ्यासकास उद्बोधक ठरेल.

व्हान स्ट्राटेनचा जन्म २५ मार्च १९३५ रोजी आर्नहेम येथे झाला. त्याचा थोरला भाऊ गेरार्ड हाही चित्रकारच होता. ॲम्स्टरडॅम येथे कलाशिक्षण घेतल्यावर पीटर १९५८ साली ‘हेट पारोल’ या दैनिकात दाखल झाला. जर्मन अमलाखाली १९४१ मध्ये भूमिगत पत्र म्हणून निघालेले हे वृत्तपत्र युद्धोत्तर काळात ॲम्स्टरडॅमचे एक प्रमुख सायंदैनिक बनले होते. तेथे त्याचे आरंभीचे काम चित्रवार्ताहराचे होते. वार्ताहराने शब्दांत जे टिपावयाचे ते त्याने रेषेत टिपावयाचे. या उमेदवारीचे महत्त्व कमी लेखता येत नाही. वक्ता भाषण करीत असताना श्रोते कसे बसतात, कंटाळलेला माणूस हाताचे काय करतो, अवघडलेली स्त्री कोठे पाहते, हे टिपण्याची सवय डोळ्याला येथे लागली. पुढे त्याची लेखणी कल्पित माणसे काढू लागली, तरी त्या माणसांचे खांदे आणि गुडघे वार्ताहराने पाहिलेलेच राहिले. दाट, काहीशा खरखरीत रेषांचे जाळे विणून तो खोलीतील उजेड-अंधार निर्माण करतो आणि त्यात माणसे बसवितो. चेहरा विद्रूप करून हसविण्याचा व्यंगचित्रकाराचा हुकमी मार्ग तो क्वचितच पत्करतो.

१९६८ साली ‘हेट पारोल’मध्ये त्याची ‘वडील आणि मुलगा’ ही विनोदी चित्रमालिका सुरू झाली आणि ती १९८७ पर्यंत चालली. तिचा आरंभकाळ अर्थपूर्ण आहे. १९६५ ते १९६७ या वर्षांत ‘प्रोव्हो’ चळवळीच्या तरुणांनी ॲम्स्टरडॅमच्या प्रतिष्ठित समाजाला चिडवून सोडले होते. मे १९६९ मध्ये तेथील विद्यापीठाची माख्डनहाउस ही इमारत विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतली. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, समाजवादी अशा बंदिस्त गोटांत शाळेपासून वृत्तपत्रापर्यंत विभागलेले डच जीवन या दशकात मोडू लागले होते. चित्रमालिकेतील वडील जुन्या वळणाचे, सुव्यवस्थेवर विश्वास असलेले. मुलगा पुरोगामी, प्रत्येक नव्या मताला ताबडतोब वश होणारा. दोघे बोलतात, आणि बोलणे वादात शिरते. एवढाच तिचा साचा.

‘वडील आणि मुलगा’ हे नाव घेताच जर्मन चित्रकार एरिख ओझर याच्या त्याच नावाच्या मालिकेची आठवण होणे स्वाभाविक आहे. ई. ओ. प्लाउएन या टोपणनावाने त्याने १९३४ ते १९३७ या काळात ती बर्लिनच्या एका सचित्र साप्ताहिकात काढली. ती मालिका निःशब्द होती. बाप आणि लेक यांच्यात तेथे असे सख्य आहे की शब्दांची गरजच उरू नये. व्हान स्ट्राटेनच्या बाप-लेकांत बोलण्यावाचून दुसरे काहीच नाही. ते एकमेकांना पटवू शकत नाहीत आणि सोडूनही जाऊ शकत नाहीत. येथे मतांचा संघर्ष हे निमित्त आहे. वाद मिटला तर दोघांना एकमेकांशी बोलावयाचे काय, हा प्रश्न वाचकाला हळूहळू जाणवू लागतो. राजकीय उपहासाच्या बीजातून उगवलेली ही मालिका त्यामुळे एका विलक्षण नात्याची कथा बनते. तिचे जवळजवळ दोन दशकांचे आयुष्य तत्कालीन प्रश्नांच्या ताजेपणावर तगले असते असे मानणे कठीण आहे. ते तगले या नात्याच्या बळावर.

‘व्रेइ नेदरलांट’ या साप्ताहिकासाठी त्याने राजकीय व्यंगचित्रेही विपुल काढली. या क्षेत्रातील त्याचा वेगळेपणा ओपलांट (रॉब वाउट, १९२८-२००१) या समकालीनाशेजारी ठेवून पाहिल्यास स्पष्ट होतो. १९८१ साली नव्या अण्वस्त्रांच्या विरोधात ओपलांटने काढलेले भित्तिचित्र प्रसिद्ध आहे. एक स्त्री बाँबला लाथ मारून दूर उडविते, एवढेच त्यात आहे; पण राष्ट्राच्या एका मोठ्या भागाची भावना त्या एका प्रतीकात साठविली गेली. व्हान स्ट्राटेनला प्रतीकाचे आकर्षण नाही. त्याचे मंत्री बहुधा कोठेतरी बसलेले असतात आणि काहीतरी पुटपुटत असतात. हॉलंडमध्ये एका पक्षाला बहुमत मिळत नाही, संयुक्त मंत्रिमंडळासाठी वाटाघाटी चालतात आणि १९७७ साली त्यांना २०८ दिवस लागले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या दृष्टीचे औचित्य पटते. तेथील राजकारण मुळातच खोलीतील संभाषण आहे. तरीही ही चित्रे त्याच्या कर्तृत्वाचा कळस ठरत नाहीत. मंत्र्यांची नावे पुसट झाली की त्यांतील बरीचशी चित्रे मुकी होतात.

कळस शोधावयाचा तो ‘दैनंदिन जीवन’ या ‘हेट पारोल’मधील चित्रांत. येथे चौकट एक आणि वाक्य एक. शयनगृहातील जोडपे, सणाच्या जेवणासाठी जमलेले कुटुंब, मेजवानीत एकटा पडलेला पाहुणा, वाट पाहणारी माणसे असे त्याचे विषय आहेत. एका चौकटीच्या विनोदाची रूढ रचना अशी असते : चित्र एक अपेक्षा निर्माण करते आणि खालचा मजकूर ती फोडतो. फुटण्याचा तो आवाज म्हणजे हसू. व्हान स्ट्राटेन हा स्फोटच काढून टाकतो. त्याचे वाक्य संभाषणाच्या मधूनच तोडून आणल्यासारखे असते. ते विनोदी तर नसतेच, पुष्कळदा चतुरही नसते. शेजारच्या टेबलावरून कानी यावे असे ते साधे वाक्य असते. त्याच्या आधी काय बोलले गेले आणि नंतर काय होणार, हे चित्रातील माणसांच्या बसण्यावरून वाचकाने जाणावयाचे. एका वाक्याच्या मागेपुढे वीस वर्षांचा संसार उभा राहतो.

आपल्या भाषेतील संज्ञा येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडते. ‘व्यंगचित्र’ या शब्दात ‘व्यंग’ म्हणजे उणीव आहे. कोणाच्या तरी उणिवेवर बोट ठेवणे हे त्या कलेचे कार्य, असे नावच सांगते. काव्यशास्त्रातील ‘व्यंग्य’ हा शब्द निराळा. वाच्यार्थाच्या पलीकडे जो सूचित होतो तो व्यंग्यार्थ. व्हान स्ट्राटेनची कारकीर्द म्हणजे व्यंगाकडून व्यंग्याकडे झालेली वाटचाल होय. ‘वडील आणि मुलगा’मध्ये उणीव दिसते आणि नातेही सूचित होते, राजकीय चित्रांत उणिवेचा भाग अधिक, ‘दैनंदिन जीवना’त सूचनेनेच सारी जागा व्यापलेली आहे. वाक्य बोलते ते किरकोळ असते आणि दडविते ते मोठे असते. ध्वनिविचाराला पद्याबाहेर, रोजच्या दैनिकाच्या एका कोपऱ्यात इतके शुद्ध उदाहरण मिळावे, ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे.

अशा कलेच्या मार्गात भाषांतराची अडचण मोठी आहे. प्लाउएनची निःशब्द चित्रे कोणत्याही देशात जशीच्या तशी पोचतात. व्हान स्ट्राटेनची कीर्ती मात्र मुख्यतः डच भाषेच्या प्रदेशातच राहिली. डच बोलीत ‘तॉख’, ‘मार’, ‘एव्हन’, ‘होर’ यांसारखे लहान लहान शब्द वाक्यात पेरलेले असतात. त्यांना स्वतंत्र अर्थ जवळजवळ नसतो, पण आर्जव, शंका, समजूत किंवा कंटाळा यांचा सूर त्यांच्यामुळेच ठरतो. इंग्रजीत आणताना हा सूर सांडतो. मराठीला ही अडचण तितकी जाणवू नये. कारण ‘ना’, ‘की’, ‘तर’, ‘हं’, ‘बरं का’ ही तिची स्वतःची संपत्ती आहे. ‘तू सुखी आहेस’ आणि ‘तू सुखी आहेस ना’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे, त्या अंतरातच या चित्रकाराचे विश्व वसलेले आहे. भारतीय भाषांपैकी ज्यांत असे सूरवाचक शब्द जिवंत आहेत, त्यांतील अनुवादकांनी हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

वाक्यावरील ही हुकमत लक्षात घेता व्हान स्ट्राटेन गद्याकडे वळला यात नवल नाही. ‘व्रेइ नेदरलांट’मध्ये त्याने ‘आग्नेस’ ही क्रमशः कथा लिहिली आणि तिची चित्रेही स्वतःच काढली. डच वृत्तपत्रांत चित्र आणि गद्य यांच्या सहवासाची परंपरा जुनी आहे. मार्टेन टोंडर याच्या १९४१ पासून दैनिकांत येणाऱ्या कथांत प्रत्येक चित्रपट्टीखाली सविस्तर गद्य असे आणि त्यातील कित्येक शब्द डच भाषेत रूढही झाले. टोंडर नवे शब्द घडवितो आणि कल्पित प्राणिसृष्टी उभी करतो. व्हान स्ट्राटेन झिजलेले शब्द वापरतो आणि वाचकाच्या ओळखीच्या घरातच थांबतो. दोघांचे मार्ग विरुद्ध असले, तरी वृत्तपत्रीय चित्राला वाङ्मयाचा दर्जा भाषेच्या आधाराने प्राप्त होऊ शकतो, याची साक्ष दोघेही देतात.

त्याच्यावरील आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. त्याचे जग अरुंद आहे. शहरी, सुशिक्षित, पोटापाण्याची विवंचना नसलेला मध्यमवर्गच त्यात प्रामुख्याने वावरतो. १९९० नंतरच्या दशकात त्याच्या चित्रांची ‘झ्योरकालेंडर’ ही रोज एक पान फाडावयाची दिनदर्शिका लोकप्रिय झाली. ‘झ्योर’ म्हणजे कुरकुर, भुणभुण. वर्षातील प्रत्येक दिवसाला एक कुरकुर पुरवावयाची म्हटल्यावर पुनरुक्ती अटळ होती. काही चित्रांत सूचनेची जागा नुसत्या कडवटपणाने घेतलेली दिसते; माणसे केवळ हरलेली असतात आणि वाक्य ती हार पुन्हा सांगते. तेथे चित्र सपाट होते. लेखक, प्रकाशक आणि समीक्षक यांच्यावर त्याने काढलेली चित्रे मात्र या दोषातून बहुतांशी सुटली आहेत. ग्रंथकाराच्या अहंकारामागे दडलेली केविलवाणी आशा त्याला अचूक दिसते, आणि ती दाखविताना स्वतःही त्याच पंक्तीत बसला असल्याची जाणीव तो सोडत नाही.

अरुंदपणाचा आक्षेप खरा असला तरी निर्णायक नाही. कोणत्या जगाचे चित्रण केले यापेक्षा त्या जगाकडे कोणत्या अंतरावरून पाहिले, याला विनोदात अधिक महत्त्व आहे. भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार सांगितले आणि स्मित व हसित हे उत्तम प्रकृतीच्या पात्रांचे मानले. व्हान स्ट्राटेनची उत्तम चित्रे वाचकाला स्मितापलीकडे नेत नाहीत, आणि ते स्मितही ओठांवर येता येता थबकते. कारण चित्रातील वाक्य आपणही केव्हातरी उच्चारले आहे, हे वाचकाच्या ध्यानात आलेले असते. दुसऱ्याच्या व्यंगाला हसणारा वाचक सुरक्षित असतो. येथे ती सुरक्षितता त्याला लाभत नाही.

८ डिसेंबर २०१६ रोजी ॲम्स्टरडॅम येथे व्हान स्ट्राटेनचे निधन झाले. त्याच्या बाप-लेकांनी ज्यांवर वाद घातला ते प्रश्न आज इतिहासजमा झाले आहेत, आणि त्याच्या मंत्र्यांना ओळखण्यासाठी टीपांची गरज पडू लागली आहे. मेजवानी संपल्यावर मोटारीत मुकाट्याने बसलेल्या जोडप्याला मात्र टीप लागत नाही. वाङ्मयविचाराने व्यंगचित्राची दखल घ्यावयाची ती या कसोटीवर. ज्या चित्रात शब्द खुलासा करून थांबतो ते चित्र दैनिकाचे. ज्यात शब्द बोलता बोलता अडखळतो आणि उरलेले वाचकाकडून पुरे करवून घेतो, ते वाङ्मयाच्या कक्षेत येते. व्हान स्ट्राटेनच्या विपुल निर्मितीतील सारीच चित्रे या कसोटीस उतरत नाहीत. पण जी उतरतात त्यांना लघुतम कथा म्हणण्यास समीक्षेने संकोच करण्याचे कारण नाही.